पाठीवरचे हुक

साड्यांच्या त्या मोठ्या दुकानात, कर्मचाऱ्यांच्या मागच्या जिन्यापाशी, व्यवस्थापनाने एक निवेदन डकवलं होतं. त्यातलं मुख्य वाक्य असं: "नव्या दालनाच्या उद्घाटनानिमित्त देण्यात येणाऱ्या रेशमी साडीवरील ब्लाऊजची रचना महिला कर्मचाऱ्यांनी स्वतः, एकमताने आणि आपल्या सोयीचा विचार करून निवडली आहे."

वाक्य देखणं होतं. अशी वाक्यं लिहिणाऱ्यांना सगळीकडेच मान असतो, कारण ती वाचून कोणाला राग येत नाही आणि कोणाला काही कळतही नाही. त्यातली साडी रेशमी होती, एवढा भाग निर्विवाद. 'स्वतः' म्हणावं, तर खाली निवड समितीच्या सह्या होत्या: एक मालकांच्या पुतण्याची, ज्यांना बाही आणि काख यांतला फरक समजावून सांगावा लागे, एक शिवणखात्याच्या मास्तरांची, आणि एक मजल्याची देखरेख करणाऱ्या मॅडमची, ज्यांना स्वतःला तो ब्लाऊज घालायचा नव्हता. 'एकमताने' म्हणावं, तर एकमत झालं होतं खरं, पण दुसऱ्याच ब्लाऊजवर. राहता राहिली सोय. बायकांनी निवडलेल्या ब्लाऊजला हुक पुढे होते. शिवून आलेल्या ब्लाऊजला ते मागे, पाठीच्या कण्यावर, एकाखाली एक असे होते. पुढचे हुक बाई स्वतः लावते. मागच्या हुकांना दुसरं माणूस लागतं. या दुसऱ्या माणसाचा निवेदनात कुठेही उल्लेख नव्हता.

ते निवेदन सगळ्यांत जास्त वेळ वाचलं वहिनींनी. पुन्हा पुन्हा वाचलं असं नव्हे. त्या नुसत्याच त्याच्यासमोर उभ्या होत्या, हातात नव्या ब्लाऊजची घडी घेऊन.

वहिनी मॅचिंगच्या काउंटरवर बसत. मॅडम त्यांच्या सख्ख्या नणंद, वयाने लहान, हुद्द्याने मोठ्या. मॅडम त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळं दुकान वहिनी म्हणे. दारावरचा पिकल्या मिश्यांचा पहारेकरीसुद्धा. उलट बाजूने वहिनी त्यांना घरी 'वन्सं' म्हणत आणि दुकानात 'मॅडम', आणि या दोन हाकांची गल्लत त्यांनी आजवर कधी होऊ दिली नव्हती.

वरच्या मजल्यावर साडी घेऊन बाई खाली उतरली, की तिने वहिनींपुढे यायचं आणि विचारायचं, आता यावर ब्लाऊज कसला? वहिनी साडी काउंटरवर पसरत, पदराकडून काठाकडे तळहात फिरवत आणि सांगत. काठ रुंद असेल तर बाही कोपरापर्यंत, म्हणजे जरीची पट्टी बाहीवर पुरी बसते. अंगभर बुट्टे असतील तर ब्लाऊज साधा, एकरंगी. मोरपंखी साडीला राणी रंग सगळेच सुचवतात, पण जर जुन्या सोन्यासारखी मंद असेल तर गडद जांभळा बघा. पुढचा गळा बंद, तर पाठ थोडी मोकळी. त्यांचं बोलणं गिऱ्हाइकांना फार आवडे. अलीकडे त्यात काहीतरी कमी झालं होतं, पण ते नेमकं काय हे कोणाच्या लक्षात येण्याजोगं नव्हतं. रंग बरोबर निघत. माप बरोबर निघे. फक्त पूर्वी बाई खूश होऊन गेली की वहिनींनाही बरं वाटे, आता वाटत नसे. वाईटही वाटत नसे.

निवड झाली होती ती कर्मचाऱ्यांच्या डबे खायच्या खोलीत. टेबलावर एक बिनडोक्याची डमी उभी केली होती, तिच्या अंगात नमुन्याचा ब्लाऊज, आणि भोवती डब्यांची झाकणं उघडत बसलेल्या बायका.

"मटका गळा नको गं बाई," साड्यांच्या काउंटरवरची ठेंगणी म्हणाली. "एसी थेट माझ्या पाठीवर आहे."

"तुझ्या पाठीवर एसी, माझ्या पाठीवर मालक," कॅशवाली म्हणाली. "बदलून घेतेस का?"

"चौकोनी गळा घ्या. बारीकही चालते, जाडीही चालते."

"जाडी कोणाला म्हणालीस?"

"डमीला म्हणाले. तू का अंगावर घेतेस?"

हसण्याचा कल्लोळ जरा बसल्यावर वहिनी म्हणाल्या, "हुक तेवढे पुढे हवेत."

"पुढेच!" ठेंगणी म्हणाली. "सकाळी सासूबाईंच्या हातात पाठ द्यायची म्हणजे मान दिल्यासारखंच आहे."

सगळ्यांनी हात वर केले. टेबलाच्या टोकाला मॅडम बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पुढेच का हो, वहिनी?"

"सोयीचं पडतं."

"वहिनींना काय गैरसोय?" कॅशवाली म्हणाली. "घरी भाऊजी आहेत की लावून द्यायला!"

पुन्हा हशा झाला. वहिनीही हसल्या. त्यांचं हसू अगदी वेळेवर आलं, आणि वेळेवर गेलं.

आता भाऊजी घरी नव्हते, ही गोष्ट त्या खोलीत एकट्या वहिनींना ठाऊक होती. उन्हाळ्याच्या आधीच ते निघून गेले होते. भांडण झालं नव्हतं. दुसरी कोणी बाई असल्याचंही निदान दिसत नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी बॅग भरली, दाढीचं सामान आणि स्वतःची उशी घेतली, आणि दारात चप्पल चढवत म्हणाले, "थोडे दिवस जरा मोकळा राहतो." वहिनींनी विचारलं, "जेवून जाणार?" ते जेवून गेले. ताटसुद्धा उचलून ठेवलं, जे त्यांनी एवढ्या संसारात कधी केलं नव्हतं. त्यावरूनच खरं तर कळायला हवं होतं.

त्यानंतर वहिनींनी कोणाला काही सांगितलं नाही. शेजारी विचारलं की बाहेरगावचं काम. दुकानात विचारलं की बरे आहेत. नणंदेने विचारलं की घरीच आहेत, झोपलेत. यात लाज नव्हती, निदान मुख्यतः नव्हती. हिशोब साधा होता. माणूस परत येतो तेव्हा त्याला गुपचूप शिरता येईल अशी फट हवी. चार ठिकाणी बोभाटा झाला, नातेवाईक समजूत घालायला येऊन बसले, की ती फट बुजते. मग परत यायचं म्हणजे सगळ्यांच्या देखत हरून यावं लागतं, आणि तसा येणारा तो माणूस नव्हे. म्हणून वहिनी ती फट राखत होत्या. रोज संध्याकाळी दोन माणसांचं दूध घेत होत्या आणि रोज सकाळी अर्धं ओतून देत होत्या.

दुःख व्हायला हवं होतं. दात काढताना बधिर केलेल्या हिरडीला जीभ लावून बघावी, तसं त्या अधूनमधून आतल्या आत बघत. तिथे काही नव्हतं. होती ती फक्त जागा.

नवा ब्लाऊज पहिल्यांदा घालायचा, त्या सकाळी त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. खालचे हुक कमरेकडून हात नेऊन लागले. सगळ्यांत वरचा खांद्यावरून हात टाकून, बऱ्याच झटापटीनंतर लागला. मधले, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधले, ना खालून आवाक्यात येत ना वरून. मग त्यांनी ब्लाऊज काढला आणि सगळे हुक आधीच लावून तो डोक्यातून चढवून बघितला. काखेची शिवण कुरकुरली तेव्हा थांबल्या. हुक काढून पुढे घ्यावेत, तर पुढच्या भागावर गळ्यापासून खालपर्यंत जरीची अखंड पट्टी होती. ती कापली की ब्लाऊज गेला. मग त्या समोरच्या बिऱ्हाडाकडे जायला निघाल्या. चप्पल घातली, कडी काढली, आणि आठवलं, की समोरच्या बाईंना आपण कालच सांगितलंय, हे रात्री गावाहून येतायत, आज सुट्टी आहे. घरात सुट्टीवरचा नवरा असताना हुक लावायला शेजारी जाणारी बाई काय म्हणून जाणार? त्यांनी कडी पुन्हा लावली. पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला आणि पाठीवर उघड्या राहिलेल्या त्या फटीसकट कामावर गेल्या.

दुकानात बायकांची तक्रार चालूच होती, पण ती मजेची होती.

"आमच्या यांनी तर हुक लावता लावता माझे केसच अडकवले आत!"

"माझी लेक म्हणते, आई, श्वास सोडू नकोस. अगं, मग दुकानात काय मुडदा बसवू?"

"चूक मास्तरांची," कॅशवालीने निकाल दिला. "डमीवरचा बघून शिवला त्यांनी. डमीचा ब्लाऊज नेहमी मागूनच टाचलेला असतो ना!"

हे सगळ्यांना पटलं. दुकानातल्या डमींना हात नसतात, अंगही नेमक्या मापाचं नसतं. म्हणून त्यांच्या अंगातला कुठलाही ब्लाऊज मागे चुण्या घेऊन टाचण्यांनी आवळतात, आणि पुढून तो कसा छान अंगासरशी दिसतो. टाचणीला हुक समजून सगळ्या दुकानाचे ब्लाऊज उलटे शिवायचे, ही चूक जगात दुसरीकडे कुठे होणार नाही, इथे होऊ शकत होती. वहिनींनाही पटलं. चूक असेल तर ती दुरुस्तही होईल, एवढ्या आशेवर त्या शिवणखात्याचा जिना चढल्या.

मास्तर कापडावर खडूने रेघ मारत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, डमीला मागे टाचण्या मारतो कारण ती तक्रार करत नाही. तुम्ही करता. एवढा फरक कळतो मला."

"मग मागे कसे आले? ठरलं होतं पुढे."

"ठरलं होतं. मग वरून निरोप आला. शिवलं."

"वरून म्हणजे पुतणेसाहेब?"

"त्यांना?" मास्तर पहिल्यांदाच हसले. "त्यांना हुक आणि खिळा सारखाच."

"मग कोणी सांगितलं?"

मास्तरांनी खडू कानामागे खोचला. "मला पोटापाण्याचा उद्योग आहे, वहिनी. तुमचे लागले नाहीत का? वळा, मशीनवालीला सांगतो, चुटकीसरशी लावून देईल."

मशीनवालीने पाय थांबवला. वहिनी वळल्या असत्या तर काम झालं असतं, आणि खालच्या मजल्यावर चहा पोहोचायच्या आत बातमीही पोहोचली असती, की वहिनींचे हुक घरी लागत नाहीत. "लागलेत," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

काउंटरवर एक आई आणि तिची लग्न ठरलेली मुलगी वाट बघत होत्या. साडी लिंबाच्या सालीच्या रंगाची, काठ हिरवा. वहिनींनी पसरली, हात फिरवला, बाटलीच्या काचेसारखा हिरवा सुचवला.

"आणि हुक मागून," मुलगी म्हणाली.

"लावणार कोण?" आई म्हणाली. "मी जन्मभर तुझ्या मागे मागे फिरू?"

"लग्न कशाला करतेय मग!"

"एवढ्यासाठी? मग राहू दे. तुझ्या बाबांना मी एकदाच सांगितलं होतं हुक लावायला. ते चष्मा शोधत बसले. पाहुणे येऊन जेवून गेले, तरी चष्मा सापडला नव्हता."

"आई, सगळे काही बाबा नसतात."

"लग्नाआधी नसतात," आई म्हणाली.

वहिनींनी हसायचं होतं, त्या हसल्या. मुलगी आता काउंटरवर झुकून त्यांच्याकडेच बघत होती. "मावशी, तुमचाही मागूनच आहे ना? किती क्लीन दिसतो पुढून! जरा वळा ना, पाठ कशी दिसते बघू दे."

"थांब, डमीला घालून दाखवते."

"डमीला काहीही शोभतं हो. माणसावर बघायचंय. पदर जरा बाजूला घ्या ना."

"घ्या की," आईही म्हणाली. "एवढं काय लाजायचं, आपण बायकाबायकाच आहोत."

वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं. नाही म्हणायला एखादं कारण हवं होतं, आणि ते सुचत नव्हतं. किंबहुना सुचण्याची जी जागा असते तिथेही काही नव्हतं. कोणीतरी लांबून आपल्याला नको असलेलं काम सांगावं आणि आपण ते करावं, तशा त्या वळायला लागल्या.

"वहिनी, जरा आत येता?" मागून मॅडमचा आवाज आला. गिऱ्हाइकाकडे बघून त्या गोड हसल्या. "ताई, ती पलीकडची दाखवेल तुम्हाला. तिची पाठ जास्त बघण्यासारखी आहे."

मुलगी खिदळली. मॅडमनी वहिनींना पुढे घालून ट्रायल रूममध्ये नेलं आणि आतून कडी लावली.

खोलीत तिन्ही बाजूंनी आरसे होते. मॅडमनी विचारलं नाही. वहिनींच्या खांद्यावरचा पदर एका बाजूने उचलला आणि खाली सोडला. समोरच्या आरशात वहिनींना बाजूच्या आरशातली स्वतःची पाठ दिसली. खाली बंद, वर बंद, आणि मध्ये कापड दोन्हीकडे ताणलं जाऊन पडलेलं भोक, त्यातून दिसणारी कातडी. ती पाठ त्यांना ओळखीची वाटली नाही. नवऱ्याला ठाऊक असेल, आपल्याला नव्हती, असा एक विचार येऊन गेला, आणि त्याच्या मागोमाग यायला हवं होतं ते काही आलं नाही.

मॅडमची बोटं गार होती. त्यांनी मधले हुक एकेक करून लावले. घाई केली नाही. शेवटचा लावून झाल्यावरही हात तिथेच ठेवला.

"दादा कुठे आहे?"

"घरीच आहेत."

"वहिनी."

एसीचा आवाज येत होता. बाहेर ती मुलगी कोणाच्या तरी पाठीचं कौतुक करत होती.

"घरी नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पंखे लावायला लागलो त्याच्या आधीपासून."

मॅडम बाकावर बसल्या. गिऱ्हाइकांच्या पिशव्या ठेवायचं ते बाक होतं, फार ठेंगणं. त्यावर बसल्यावर त्या एकदम धाकट्या दिसायला लागल्या. "मला तो फोनवर म्हणतो, घरीच आहे," त्या म्हणाल्या. "परवासुद्धा म्हणाला. म्हटलं, काय करतोस? तर म्हणे, तुझी वहिनी दूध तापवतेय, मी पेपर वाचतोय."

वहिनींनी हे ऐकलं. म्हणजे तोही फट राखत होता. किंवा बहिणीच्या प्रश्नांना टाळत होता. दोन्हीतलं काय, हे ठरवायला जो उजेड लागतो तो त्यांच्यापाशी नव्हता. फक्त एवढं कळलं, की कुठल्याशा खोलीत बसून तो त्यांनी रोज तापवलेल्या दुधाबद्दल बोलत होता, आणि दुधापुरतं ते खरं होतं.

"आज संध्याकाळी मी आईला घेऊन येते घरी," मॅडम म्हणाल्या. "मामांनाही बोलावते. दादाला समोर बसवू आणि विचारू."

"नका येऊ."

"असं कसं? एवढे दिवस तुम्ही एकट्या..."

"वन्सं," वहिनी म्हणाल्या. दुकानात हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला, आणि निघालेला त्यांच्याही लक्षात आला. "तुम्ही आलात की ते यायचे नाहीत."

तरी मॅडम येणार होत्या, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं. पाठ ताठ झाली होती, मनातल्या मनात कोणाला कुठल्या खुर्चीवर बसवायचं हे ठरवायला सुरुवात झाली होती. त्या सगळ्या माणसांना चहा लागेल, कप पुरणार नाहीत, असं वहिनींना वाटलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असेल. उद्या दूध एकाच माणसाचं घेता येईल.

त्यांनी पदर उचलला, चुण्या केल्या, खांद्यावर पिन लावली. आरशात साडी आणि ब्लाऊज एकमेकांना अगदी शोभून दिसत होते. निवड चांगली होती, हे त्यांना काउंटरवरच्या नजरेने मान्य करावं लागलं. मग आरशातल्या नणंदेकडे बघून, आवाज न चढवता, त्यांनी विचारलं, "मास्तरांना निरोप कोणी दिला?"

निवेदनात स्वतः, एकमताने आणि सोयीसाठी असे जे शब्द होते, त्यांच्या जागी खरे कोणते शब्द होते, ते यानंतर त्या खोलीत बोलले गेले. बोलणारी निवड समितीची सदस्य होती, आणि तिने ते मान वर करून, वहिनींच्या पाठीकडे बघत सांगितले:

"मीच दिला. तो म्हणतो घरीच आहे, तुम्ही म्हणता घरीच आहेत, आणि मला दोघांचंही खरं वाटत नव्हतं. विचारून तुम्ही सांगितलं नसतं. म्हणून मास्तरांना म्हटलं, सगळ्यांचे हुक मागे घ्या. मला एकीचीच पाठ बघायची होती."